फाटकाच्या आत, फाटकाच्या बाहेर



गेल्या भागांत आपण किल्ले, लढाया, रसद यांवर बोललो. आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर जातील. कामगार संघटना आणि पगाराचं संरक्षण, त्याचे फायदे आणि तोटे. फौजी माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं कुणाला वाटलं तर त्यात काही चूक नाही. लष्करात युनियन नसते. राज्यघटनेचं कलम 33 आणि 1950 च्या आर्मी ॲक्टचं कलम 21, दोन्ही त्या बाबतीत स्पष्ट आहेत. जवानानं कामगार संघटनेत जायचं नाही, सभा-मोर्चात जायचं नाही. तक्रार असेल तर दरबारात उभं राहून कमांडिंग ऑफिसरला सांगायची. मी चौतीस वर्षं त्याच शिस्तीत काढली आणि एकाही मोर्चात गेलो नाही.

निवृत्तीनंतर मात्र गेलो. 2015 च्या उन्हाळ्यात ‘वन रँक वन पेन्शन’साठी माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. त्यांच्यात एक दिवस मीही होतो. छातीवर मेडल, डोक्यावर टोपी आणि हातात फलक. पहिली घोषणा घशातच अडकली. तिसऱ्या घोषणेपर्यंत आवाज सुटला. जूनमध्ये सुरू झालेलं ते आंदोलन चिघळत गेलं आणि 5 सप्टेंबरला सरकारनं योजना जाहीर केली. आमच्यातल्या पुष्कळांनी आयुष्यभर ‘युनियनबाजी’ हा शब्द शिवीसारखा वापरला होता. मीही वापरला होता. म्हणून आज जरा स्वतःचीच झाडाझडती घेतोय असं समजा.

एक गंमत सांगतो. 1974 च्या मे महिन्यात देशभरची रेल्वे ज्यांनी थांबवली, ते जॉर्ज फर्नांडिस. त्या संपात गाड्या हलवायला टेरिटोरियल आर्मीच्या रेल्वे तुकड्या उतरवल्या होत्या. चोवीस वर्षांनी तेच जॉर्ज आमचे संरक्षणमंत्री झाले. सियाचीनला ते इतक्या वेळा गेले की जवान त्यांना आपला माणूस मानू लागले. मंगळूरचा हा माणूस मुंबईत टॅक्सीवाल्यांची आणि महापालिका कामगारांची संघटना बांधून मोठा झालेला. रेल्वेचा संप वीसेक दिवसांत मोडला, हजारो लोक तुरुंगात गेले. पण पाचच वर्षांनी, 1979 मध्ये, रेल्वे कामगारांना बोनस मंजूर झाला. संप हरला की मागणीही हरते, असं इतिहासात नेहमी होत नाही.

आता थोडं मागे जाऊ. पगाराचं संरक्षण म्हणजे काय, याचं पहिलं मराठी उत्तर मला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे सापडतं. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचं निवेदन तयार केलं, त्यावर साडेपाच हजार सह्या घेतल्या. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. आणि आणखी एक, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. बघा, पगार वाढवा असं त्यात नाही. जे ठरलंय ते वेळेवर द्या, एवढंच. रविवारची सुट्टी 10 जून 1890 ला मिळाली. पगाराची तारीख कायद्यात बसायला मात्र 1936 साल उजाडलं. 15 तारखेवरून 7 तारखेपर्यंत यायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला. पगाराच्या तारखेला खिशात पैसे नसणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आठ दिवसांची किंमत कळेल.

मी राहतो बेंगळुरूत. आम्ही जुनी माणसं अजून बंगलोरच म्हणतो. मूळचा साताऱ्याकडचा, पण पहिलं पोस्टिंग इथल्या हलसूरच्या छावणीत झालं आणि शेवटी घरही इथंच केलं. आजच्या तरुणांना हे शहर म्हणजे संगणकाचं शहर. मी 1980 मध्ये आलो तेव्हा ते भोंग्याचं शहर होतं. सकाळी कारखान्यांच्या बसगाड्या रांगेनं निघायच्या. विमानपुऱ्यात एचएएल, दूरवाणीनगरात आयटीआय म्हणजे टेलिफोनचा कारखाना, जलहळ्ळीला एचएमटी आणि बीईएल, शिवाय बीईएमएल. एचएएलचं मूळ तर आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं काढलेला विमान कारखाना. आयटीआय 1948 चा, एचएमटी 1953 चा, बीईएल 1954 चा. कॉलनी, शाळा, दवाखाना, स्वस्त कँटीन, सगळं कारखान्याचं. सरकार हा आदर्श मालक असला पाहिजे, हा त्या काळाचा विश्वास होता आणि या पाच कारखान्यांच्या भिंतीआड तो बऱ्यापैकी खरा होता.

26 डिसेंबर 1980 ला हे पाचही कारखाने एकदम बंद पडले. या शहरात आणि बाहेरच्या युनिटांत मिळून लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. संप 77 दिवस चालला. मी तेव्हा नुकताच कमिशन मिळालेला सेकंड लेफ्टनंट, वीस-एकवीस वर्षांचा. मेसमधलं मत एकच होतं. संरक्षणाचा माल बनवणारे लोक संप करतात म्हणजे काय? सीमेवर जवान संप करतो का? मीही जोरानं मान हलवत असे.

रविवारी मी गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जेवायला जायचो. तिथं एक फिटर भेटायचा, निपाणीकडचा, त्या पाचांतल्याच एका कारखान्यातला. त्यानं मला मुद्दा समजावून सांगितला आणि तो मेसमधल्या चर्चेत कुणालाच ठाऊक नव्हता. मागणी होती भेलशी बरोबरीची. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स हाही केंद्राचाच कारखाना. तिथल्या कामगारांना नव्या करारात जास्त पगार मिळाला होता. एकच मालक, तीच महागाई, तेच लेथ मशीन, मग पगार वेगळा का? आणि दुसरी गोष्ट: समोर बसणाऱ्या व्यवस्थापनाच्या हातात देण्यासारखं काही नव्हतं. पगाराच्या चौकटी दिल्लीत ब्युरो ऑफ पब्लिक एंटरप्रायझेस ठरवायचं. म्हणजे वाटाघाटीला बसलेला अधिकारी मान डोलवायचा, चहा पाजायचा आणि दिल्लीकडे बोट दाखवायचा. फौजेतल्या माणसाला हे चटकन कळावं. ज्याला निर्णयाचा अधिकार नाही त्याला बोलणी करायला पाठवलं तर दोन्ही बाजूंचा वेळ जातो आणि संताप वाढतो.

तो फिटर संपाच्या दुसऱ्या महिन्यात बारीक झालेला दिसला. बायकोची बांगडी गहाण गेली होती. तरी तो डगमगलेला नव्हता. एका गोष्टीनं मात्र तो अस्वस्थ होता. त्याच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ठेकेदाराची पोरं कामाला होती. संप झाला, कँटीन बंद झालं, पोरांचा पगार बंद, जेवणही बंद. ती मागणीपत्रकात नव्हती. संप संपल्यावर मिळणाऱ्या वाढीतही ती नसणार होती. पीण्या आणि राजाजीनगरच्या छोट्या वर्कशॉपांतही, जिथं या मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग तयार व्हायचे, तीच गत. तिथं ना संघटना, ना ठरलेला पगार. “साहेब, आम्ही भेलकडे बघतोय आणि हे आमच्याकडे बघताहेत,” असं तो एकदा म्हणाला. मी ते तेव्हा कानाआड केलं.

12 मार्च 1981 ला संप संपला. भेलशी बरोबरी मिळाली नाही.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे दहा महिन्यांनी, मुंबईत डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. 18 जानेवारी 1982, अडीच लाख गिरणी कामगार. तो आपल्याला माहीत आहे, मी त्यावर रेंगाळत नाही. माझे चुलते लालबागच्या खोलीतून ट्रंक घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. एवढंच लक्षात ठेवा की 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरण्यांत एकाच संघटनेला बोलण्याचा अधिकार दिला होता आणि कामगारांचा त्या संघटनेवरचा विश्वास उडाला होता. मान्यता एकाकडे, माणसं दुसऱ्याकडे. सरकारनं आणि मालकांनी ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे कुणी नव्हतं आणि ज्याच्यामागे लोक होते त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. बंगलोरला दिल्लीनं जे केलं ते मुंबईत कायद्यानं केलं.

संघटनांच्या तोट्यांबद्दल बोलताना लोक लगेच म्हणतात, युनियननी कारखाने बुडवले. बंगलोरच्या उदाहरणावर हे घासून बघा. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं. माझ्या वडिलांच्या मनगटावर शेवटपर्यंत एचएमटीच होतं, त्यामुळे बातमी वाचून वाईट वाटलं. पण 77 दिवसांचा संप एचएमटीत झाला तसाच बीईएलमध्ये आणि एचएएलमध्ये झाला. त्याच शहरात, त्याच मागणीवर. त्या दोन्ही कंपन्या आज धडधाकट उभ्या आहेत. एचएमटीला मारलं क्वार्ट्झच्या घड्याळानं आणि इथून तासाभरावर होसूरला उभ्या राहिलेल्या टायटननं. आयटीआयचंही तसंच, दूरसंचार खुलं झालं आणि एकुलत्या एक गिऱ्हाईकावर जगणारा कारखाना उघडा पडला. युनियननं वेळेवर बदल होऊ दिला नाही, हा आरोप काही ठिकाणी खरा असेल. पण घड्याळाचं कुठलं मॉडेल बाजारात आणायचं, हे फिटर ठरवत नव्हता.

संघटनेचा खरा तोटा मला दुसरीकडे दिसतो, आणि तो जुना आहे. 1928 च्या मुंबईच्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न लावून धरला होता. गिरणीच्या विणाई खात्यात पगार जास्त. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि विटाळ आडवा यायचा. संप सगळ्यांनी मिळून करायचा, पण चांगलं खातं काहींनाच. एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना हा प्रश्न मागणीपत्रकात घ्यायला जड गेलं. बाबासाहेब संघटनांच्या विरोधात नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले. पुढे मजूर मंत्री असताना किमान वेतनाचं विधेयक त्यांनीच 1946 मध्ये मांडलं, त्याचा कायदा 1948 मध्ये झाला. संघटना ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांच्यासाठी कायदा. असा तो विचार होता.

आता तो कायदा फाटकाबाहेर कसा दिसतो, ते सांगतो. कारण पुढची काही वर्षं मी फाटकावरच होतो.

2014 ला निवृत्त झालो आणि होसूर रोडवरच्या एका कापड-शिलाई कारखान्यात प्रशासन अधिकारी म्हणून लागलो. नाव घेत नाही. माजी फौजी अधिकाऱ्याला अशा नोकऱ्या लगेच मिळतात, कारण त्याला माणसं रांगेत उभी करता येतात असा समज असतो. आत मशीनवर बहुतेक सगळ्या बायका. मंड्या, रामनगर, कोलारकडच्या, काही उत्तर कर्नाटकातल्या, एक-दोन बेळगावकडच्या मराठी. पगार महिना सात-साडेसात हजार, म्हणजे किमान वेतन जे काय असेल ते, त्याच्यावर फारसं काही नाही. किमान वेतन हा खालचा मजला असतो असं आपण समजतो. तिथं तेच छप्पर होतं.

18 एप्रिल 2016, सोमवार. जेवणाच्या सुट्टीच्या आधीच आतून आवाज वाढला. मी फाटकाशी पोचलो तर पाचशे-सहाशे बायका बाहेर निघालेल्या. बोम्मनहळ्ळीकडच्या कारखान्यांतून आणखी येत होत्या. तासाभरात होसूर रोड ठप्प. कारण होतं प्रॉव्हिडंट फंड. फेब्रुवारीत केंद्रानं नियम बदलला होता: नोकरी सोडली तर स्वतः भरलेले पैसे काढता येतील, पण मालकाचा हिस्सा 58 वर्षं पूर्ण होईपर्यंत हात लावता येणार नाही. दिल्लीत बसलेल्या माणसाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. म्हातारपणी हाताशी पैसा राहावा म्हणून तो नियम. पण त्या बायकांच्या आयुष्यात फंड म्हणजे म्हातारपणाची काठी नव्हती. चार-पाच वर्षं काम करायचं, नोकरी सोडायची, फंड काढायचा, त्यातून मुलाची फी किंवा नणंदेच्या लग्नाचं कर्ज भागवायचं आणि दुसऱ्या कारखान्यात पुन्हा लागायचं. एकरकमी पैसा हाती येण्याची त्यांची ती एकच वाट. 58 व्या वर्षापर्यंत शिवणाच्या मशीनवर कोण टिकतं? मी तरी तिथं तशी एकही बाई पाहिली नाही.

मालकानं मला फोन केला, म्हणाला, त्यांच्या पुढाऱ्याशी बोला. मी गर्दीत शिरलो, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, तुमच्यापैकी बोलणार कोण? एक बाई म्हणाली, “एल्लारू.” म्हणजे सगळ्याजणी. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मला वाटलं त्या खोड काढताहेत. नंतर लक्षात आलं की खरंच कुणी नव्हतं. आमच्या कारखान्यात युनियन नव्हती. कुणी बांधायला लागलं की तिची बदली व्हायची, लाइन बदलायची, एक दिवस ती दिसायची नाही. हे मला माहीत होतं. युनियन नाही म्हणून आमचं व्यवस्थापन खूश होतं. आणि त्या दिवशी हेच व्यवस्थापन फोनवर ओरडत होतं की कुणाशी तरी बोला.

दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकांनाही बायका रस्त्यावर आल्या. हेब्बगोडीला पोलीस ठाण्याबाहेरची वाहनं जळली, बसगाड्या पेटल्या, लाठीमार झाला, कित्येकजणींना मार बसला, कित्येकांना अटक झाली. पेटवणारे कोण होते, बायका की गर्दीत घुसलेले दुसरेच, यावर तेव्हाही वाद होता. संध्याकाळपर्यंत केंद्रानं तो नियमच मागे घेतला. दोन दिवस. ना पुढारी, ना मागणीपत्रक, ना वर्गणी. 1980 मध्ये भक्कम संघटना असलेल्या लाखभर कामगारांना 77 दिवसांत जे मिळालं नाही ते यांनी दोन दिवसांत मिळवलं, असं कुणी म्हणेल. पण जे मिळालं ते म्हणजे आधी होतं तेच. पगार एक रुपयानं वाढला नाही. ज्या पोरींच्या डोक्याला टाके पडले त्यांच्या वतीनं कुणाकडे जायचं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

संघटनेचा सगळ्यात मोठा फायदा मला त्या फाटकावर कळला आणि तो कामगारांपुरता नाही. संघटना असली की दोन्हीकडून कुणीतरी बोलणारा असतो. नसली की शांतता असते, आणि ती शांतता एखाद्या सोमवारी फुटते. आमच्या इतिहासात याचं उदाहरण आहेच. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत ‘तलवार’वरच्या नौसैनिकांनी जेवण आणि वागणुकीवरून काम थांबवलं. ते त्याला संप म्हणत होते, सरकार बंड म्हणत होतं. तक्रारी महिनोन्‌महिने जुन्या होत्या, पण वर पोचल्या नव्हत्या. दरबार भरवायचा तो यासाठी. ज्या कमांडिंग ऑफिसरच्या दरबारात कुणीच उठून बोलत नाही, त्याच्या युनिटची मला नेहमी काळजी वाटायची.

कपड्यांच्या कारखान्यांत छोट्या संघटना आहेत, सभासद थोडे, पण त्यांचं एक काम नमूद केलं पाहिजे. 2020 च्या एप्रिलपासून किमान वेतनावरचा महागाई भत्ता वाढायचा होता, महिन्याला चारशे रुपयांच्या वर. कोविडमुळे राज्य सरकारनं तो वर्षभर पुढे ढकलला. प्रकरण हायकोर्टात गेलं, सरकारच्या आदेशाला स्थगिती मिळाली. तरीही पैसे पडेनात, तेव्हा या छोट्या संघटनांनी चिकाटीनं पाठपुरावा केला, परदेशी ब्रँडांपर्यंत गाऱ्हाणं नेलं आणि थकबाकी निघायला लागली. ज्यांनी कधी वर्गणी दिली नाही त्यांनाही ती मिळाली. चारशे रुपये म्हटलं की आपल्याला एका हॉटेलाचं बिल आठवतं. सात हजारांत त्याचं वजन वेगळं.

आता माझी गोष्ट. ती सांगायची की नाही, यावर दोन दिवस विचार केला.

कारखान्याच्या फाटकावरचे रखवालदार आमच्या पगारपत्रकावर नव्हते, कंत्राटदाराचे होते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम 21 होतं. योगायोग बघा, आर्मी ॲक्टचंही 21 आणि हेही 21. कंत्राटदार पगार वाटायचा तेव्हा मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असावा लागायचा आणि एवढा पगार दिला अशी सही त्यानं करावी लागायची. आमच्या कारखान्याचा तो प्रतिनिधी मी होतो. दर महिन्याला रजिस्टर यायचं. आठ तास, किमान वेतन, फंड कापला, सगळं नीट. मी सही करायचो. रखवालदार मात्र बारा तास उभे असायचे. मी रोज सकाळी आठला आणि रात्री आठला त्यांचा सॅल्यूट घेत होतो, म्हणजे मला दिसत होतं.

हिशेब करून बघा. आठ तासांवर ओव्हरटाइमचा दर दुप्पट. बारा तासांतले चार जादा तास म्हणजे पगारात आणखी आठ तास. बारा तासांची पाळी कायद्यानं दोन दिवसांच्या पगाराची. एका जागेवर चोवीस तास माणूस ठेवायचा तर बारा-बाराच्या दोन पाळ्यांना चार पगार पडतात, आठ-आठच्या तीन पाळ्यांना तीन. म्हणजे कायदा पाळला तर तीन पाळ्या स्वस्त. बारा तासांची पाळी ज्याला परवडते तो चार तास बुडवतो म्हणून परवडते. एवढं साधं गणित मला आलं पाहिजे होतं. लॉजिस्टिक्समध्ये माझा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे.

दुसरी बाजूही सांगतो. रखवालदारांना आठ तासांची पाळी नको होती. आठ तासांच्या पगारात बेंगळुरूत खोलीचं भाडं देऊन घरी पाठवायला काय उरणार? त्यांना बाराच तास हवे होते, फक्त बाराचे पैसे हवे होते. किमान वेतन खरोखर जगण्यापुरतं नसेल तर कामाच्या तासांवरची मर्यादा माणसालाच जाचक वाटते.

त्यांच्यात एक माजी हवालदार होता, खानापूरकडचा, मराठा लाइट इन्फंट्रीतला. दोन वर्षं गप्प होता. एका पगाराच्या दिवशी रजिस्टरवर माझी सही होत असताना एवढंच म्हणाला, “साहेब, फौजेत आपला पगार कधी बुडला नाही, नाही का?” मी सही पुरी केली. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाला लेखी कळवलं की तास खोटे आहेत, मी यापुढे सही करणार नाही. त्यांनी लगेच कारवाई केली: कंत्राटदार बदलला. नवा कंत्राटदार आपली माणसं घेऊन आला. जुने सगळे एका आठवड्यात गेले, हवालदारही गेला. थकलेले तास कुणाला मिळाले नाहीत. मी जाब विचारायला हवा होता, कामगार खात्याकडे जायला हवं होतं. गेलो नाही. सहा महिन्यांनी नोकरी सोडली आणि ते मी तत्त्वासाठी केलं असं लोकांना सांगत फिरलो.

महाराष्ट्रात असं व्हायला नको होतं, असं मला पुढे वाचल्यावर वाटलं. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. हमालाचा मालक रोज वेगळा, म्हणून मंडळच त्याचं आस्थापन. व्यापारी मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरणार, मंडळ त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी बघणार. याच धर्तीवर 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला, सुरक्षा रक्षक मंडळं आली. कंत्राटदार बदलला तरी मंडळाचा रक्षक मंडळाचाच राहतो. माझ्या हवालदाराला नेमकी हीच गोष्ट हवी होती. अर्थात तिथंही गोम आहे. पुष्कळ एजन्सींनी कायद्यातूनच सूट मिळवली. माथाडीच्या नावावर खंडणी मागणारे टोळभैरव उभे राहिले, त्यांनी खऱ्या माथाड्यांची नावं बदनाम केली. मंडळाच्या नोंदवहीत ज्याचं नाव आहे तो तरला, ज्याचं नाही तो बाहेर ताटकळत. परत फाटक आलंच.

नोव्हेंबर 2025 मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत गेले. कुणी स्वागत केलं, कुणी संप केले. किमान वेतन आता ठरावीक उद्योगांपुरतं न राहता सगळ्यांना लागू आहे, हे चांगलं. ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायम आहे. 51 टक्के सभासद असलेली संघटना एकटी बोलणी करणार, हे वाचून मला 1946 चा मुंबईचा कायदा आठवला आणि जरा धस्स झालं. रजिस्टरवर सही करणारा माणूस मात्र कुठल्याही संहितेत माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

सध्या मी आमच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी आहे. दोनशे दहा फ्लॅट, दोन फाटकं. रखवालदारांचं कंत्राट संपतंय आणि माझ्या टेबलावर दोन दरपत्रकं आहेत. एकात बारा तासांच्या दोन पाळ्या, रक्कम कमी. दुसऱ्यात आठ तासांच्या तीन पाळ्या, दर फ्लॅटमागे महिन्याला जवळपास तीनशे रुपये जास्त. मघाचं गणित मी कागदावर मांडून सगळ्यांना पाठवलंय. आतापर्यंत सात जणांचं उत्तर आलं, त्यांतले चार विचारतात की पहिल्या दरात बसवता येणार नाही का. खानापूरच्या हवालदाराचा जुना नंबर लागत नाही. येत्या रविवारी अकरा वाजता सभा आहे, आणि अजेंड्यावर हा विषय मी लिफ्टच्या दुरुस्तीच्या आधी, पहिल्या क्रमांकावर घेतलाय.

आज इथंच थांबतो. पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यांकडे वळू. जय हिंद.